गेटबाहेरचा मुक्काम

आमच्या ट्रकचे सगळे मेसेज माझ्या फोनवर येतात. ट्रक माझ्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतला की व्याज जरा कमी पडतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नवऱ्यानं शोरूममध्ये मला पुढं केलं. सही माझी, फोटो माझा, फोन नंबर माझा, चालवणार तो. तेव्हा मला कोण कौतुक वाटलं होतं. हेच मेसेज पुढं डोक्याला ताप होऊन बसतील असं कुणाला ठाऊक!

नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं कास्टिंग चाकणला पोचवतो, रिकामी गाडी परत आणतो आणि पुन्हा भरायला लावतो. येताना किणीचा टोलनाका ओलांडला की टोल कापल्याचा मेसेज मला येतो. फौंड्रीच्या फाटकातून गाडी आत गेली की कंपनीचा 'गेट इन' येतो, भरून बाहेर पडली की 'गेट आउट'. आता किणी ते शिरोली म्हणजे काय लंकेला जायचंय का? वाटेत चहा प्याला तरी तासाच्या आतलं काम. पण माझ्या फोनवर किणीचा मेसेज आज सकाळी, तर गेट इन उद्या संध्याकाळी. मधला अख्खा दिवस आणि अख्खी रात्र गेली कुठं?

बरं, आमचं घर कोडोलीत. किणी सोडून पुढं आलं आणि वाठारला उजवीकडं वळलं की कोडोलीचा रस्ता. म्हणजे माणूस घराच्या फाट्यावरून पुढं जातो, घरी येत नाही, आणि रात्र कुठं काढली म्हणून विचारलं तर सांगतो, "लाईनीत हुतो."

"कसली लाईन?"

"लोडिंगची."

"रातभर?"

"व्हय."

झालं. ताटावरून उठायचं, हात धुवायचे, आडवं व्हायचं. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय येणार? मी काही उठसूट संशय घेणारी बाई नव्हे. पण डेअरीत दूध घालताना फॅटचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी किटली उचलत नाही, भाजीवाल्याचा काटा मी रिकामा आधी बघते. मग नवऱ्याचंच तेवढं न बघता घ्यायचं होय?

एकदा तर कहर झाला. खेपेवरून घरी आला तो गुळगुळीत दाढी, मिशीला कात्री, मानेवर पावडर. दोन-तीन दिवस रस्त्यावर असलेला ड्रायव्हर असा दिसतो? आमच्या लग्नात सुद्धा तो एवढा टापटीप नव्हता. मी म्हटलं, "दाढी कुठं केली?" तर म्हणाला, "लाईनीत." लाईनीत जेवण, लाईनीत आंघोळ, लाईनीत झोप, आणि आता लाईनीत दाढी! ही लाईन आहे का लॉज?

शेजारच्या सोप्यात माझी थोरली जाऊ राहते. मी तिला आक्का म्हणते. तिच्याजवळ बोलले आणि आगीत तेल पडलं. "अगं येडे," ती म्हणाली, "ट्रक थांबला की हॉल्टिंग मिळतंय. माझा भाऊ सांगत हुता. गाडी उभी ऱ्हायली की दिवसाचं पैसं चालू. तुझ्या हातात दिल्यात का कधी?"

हॉल्टिंग हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. म्हणजे आता एकाचे दोन संशय झाले. एकतर तो तिथं थांबतच नाही, दुसरीकडं कुठं तरी मुक्काम टाकतो. नाहीतर थांबतो, थांबल्याचे पैसे घेतो आणि मला पत्ता लागू देत नाही. पहिल्यात बाई, दुसऱ्यात पत्त्यांचा जुगार, असं मी मनाशी धरूनच चालले.

आक्काच्या भावाला आमचाच ट्रक पाहिजे होता. "इकून टाक गं. सही तुझीच हाय. गाडीच न्हाय म्हटल्यावर लाईन बी न्हाय आन् फिरनं बी न्हाय," असं तिनं रोज पाणी भरताना सुरू केलं. तिला माझा कळवळा होता का भावाला स्वस्तात गाडी द्यायची होती, हाही संशय मला आला, नाही असं नाही. पण शेवटी मी तिला सांगितलं, रविवारी भावाला विसाराचे पैसे घेऊन ये म्हणावं. त्याच्या आत मी स्वतः जाऊन बघते. नवरा खोटं बोलतोय असं दिसलं की गाडी विकली. मग चालवू दे दुसऱ्याची.

त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या गाडीत त्याचा जीव आहे. दसऱ्याला ओवाळायचं ताट तो माझ्या हातातनं घेतो आणि आधी बॉनेटपुढं धरतो. हे सगळं माझ्या डोळ्यापुढं होतं, तरी मी ठरवलं ते ठरवलं.

गुरुवारी सकाळी किणीचा मेसेज आला. शुक्रवारी सकाळपर्यंत गेट इनचा पत्ता नाही. मी पोरीला शाळेत धाडलं, म्हशीची वैरण करून ठेवली आणि आक्काला सांगितलं, दाढ दुखतीया, कोल्हापुरात डॉक्टरला दाखवून येते. तिला खरं सांगितलं असतं तर तिनं भावाला फोन केला असता आणि तोही मोटरसायकल घेऊन आला असता. वाठारपर्यंत वडापची जीप धरली, तिथून एसटी. शिरोलीला उतरल्यावर तोंडाला स्कार्फ बांधला, नुसते डोळे उघडे. पकडायला निघाले होते मी, आणि चोरासारखं तोंडही मीच बांधलं होतं.

फौंड्रीच्या मागच्या भिंतीला धरून एक रस्ता जातो. धूळ काळी, वास जळक्या वाळूचा. भिंतीवर भला मोठा बोर्ड, 'येथे वाहने उभी करू नयेत', आणि त्या बोर्डाच्या खाली, पुढं, मागं, नजर जाईल तिथवर ट्रक. आरशाला बांधलेल्या दोरीवर लुंग्या वाळत घातलेल्या. एकजण सायकलवरून पाण्याचे कॅन विकत होता, एका गाड्यावर अंडा बुर्जी चालली होती. मी मनात म्हटलं, अरे बापरे, हे तर गाव वसलंय की.

आमची गाडी मी मागच्या काळ्या गोंड्यावरून ओळखली. तो गोंडा मीच केलेला. पानटपरीच्या आडोशाला उभी राहिले आणि बघितलं. नवरा केबिनच्या पायरीवर बसलेला, गळ्याभोवती टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस, आणि पुढ्यात एक न्हावी उकिडवा. तेवढ्यात पुढची गाडी हलली. मागून हॉर्नचा नुसता कालवा! नवरा तसाच उठला, फेसासकट वर चढला, गाडी एक लांबी पुढं घेतली, बंद केली, खाली उतरला आणि पुन्हा पायरीवर बसला. न्हावीही पेटी उचलून तेवढंच अंतर चालत गेला होता. दोघांपैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. राहिलेल्या गालावर वस्तरा सुरू झाला.

मला स्कार्फच्या आत हसू फुटलं. आणि हसता हसता राग आला. कुणाचा ते कळेना, पण आला.

दाढीचा संशय फिटला. पण मी एवढ्यावर गार होणारी बाई नव्हे. थांबतो हे दिसलं. मग थांबल्याचे पैसे कुठं जातात? मी त्याला न दिसता मागच्या बाजूनं वळसा घेऊन फाटकापाशी गेले. तिथला वॉचमन खुर्चीत बसून कान कोरत होता.

"ही लाईन कवापासनं उभी हाय वो?" मी विचारलं.

"कसली लाईन?" तो म्हणाला.

मी मागं वळून बघितलं. ट्रक होते तिथंच होते. "ही काय."

"ती कंपनीची न्हवं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आन् आमचा काय संबंध न्हाय. आत जागा झाली की हापिसातनं फोन जातोय, मग ड्रायव्हर घरनं गाडी घेऊन येतोय."

"घरनं? तामिळनाडूच्या पाट्या हायत्या की गाड्यांवर. ते बी घरनं येत्यात?"

त्यानं कानातली काडी काढली आणि मला खालवर बघितलं. "तुमी कुठलं पावणं म्हणायचं?"

मी तिथून सटकले. लाईनीच्या पार शेवटाला एक ड्रायव्हर स्टोव्हवर भात शिजवत होता. त्याला म्हटलं, दादा, कधीपासनं थांबलाय? तो म्हणाला, "आत्ताच आलो, बाई. घरी हुतो." भात रटरटत होता, बनियन दोरीवर वाळून कडक झालं होतं, टायराशेजारी कालची कांद्याची सालं.

"घरी?"

"तुमी कंपनीच्या का आरटीओच्या?"

"कुणाची न्हवं. माझा मालक बी ह्याच लाईनीत हाय."

तेव्हा कुठं त्याचा आवाज खाली आला. "मग तुमास्नी ठावं असंल की. लाईनीत हाय म्हटलं तर रस्त्यावर गाडी लावली म्हणून नंबर कापत्यात. आन् खरंच घरी गेलं तर मागचा पुढं घुसतोय. म्हणून हितं बसायचं आन् कुणी बी इचारलं तर घरी हुतो म्हणायचं."

"आन् हॉल्टिंग?"

"ते गेट इन झाल्यापासनं. आत गेल्यावर कोण थांबवतंय? आत लगेच भरत्यात."

बोलणं पटण्यासारखं होतं. पण हाही ड्रायव्हरच, नवऱ्याच्याच जातकुळीचा. एकमेकांना सांभाळून घेणार. आपण आतल्या कागदावर काय आहे ते बघावं म्हणून मी हायवे ओलांडला आणि ट्रान्सपोर्ट ऑफिस गाठलं. नवऱ्याला लोडिंग तिथूनच मिळतं. टेबलावर बसणारा माणूस ओळखीचा. गाडीच्या पूजेला आमच्याकडं जेवून गेला होता. मी स्कार्फ सोडला तसा तो उठला, "या वहिनी, बसा," म्हणाला, चहा सांगितला.

मी आडवळणानं बोललेच नाही. "आमच्या मालकांना आजवर हॉल्टिंग किती दिलंसा?"

"हॉल्टिंग? एक रुपाया न्हाय," तो म्हणाला आणि कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. "बघा की. गेट इन, गेट आउट. गेट इन, गेट आउट. दोन तासाच्या आत गाडी भरून भाईर. मग हॉल्टिंग कशाचं द्यायचं?"

तेच आकडे. माझ्या फोनवर येतात तेच. ज्यांच्या जोरावर मी नवऱ्याला खोटारडा ठरवत आले होते, त्यांच्याच जोरावर हा माणूस त्याचं थांबणं झालंच नाही म्हणत होता. मी चहा तसाच खाली ठेवला.

"गेटच्या भाईर जो थांबतोय त्याचं काय?" मी म्हटलं. "हे बघा, किणीचा टोल काल सकाळचा. आन् आज दुपार झाली, अजून गेट इन न्हाय. मग माणूस हाय कुठं? हवेत?"

त्यानं माझा फोन घेऊन बघितला. "हे खरं हाय वो. पर वहिनी, तुमचं कोडोली हितंच तर हाय. लांबचा ड्रायव्हर असता तर पार्टीकडं, म्हंजे कंपनीकडं, शब्द टाकला असता. लोकल माणूस घरी जातोय, जेवतोय, झोपतोय. घरी झोपल्याचं पैसं कोण देणार?"

"त्यो घरी येत न्हाय!" मी ओरडलेच. कोपऱ्यात बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. "मी बायको हाय त्याची. मी सांगते की! काल रात्री न्हवता, मागल्या खेपेला न्हवता, त्येच्या मागल्या खेपेला न्हवता. घरात ह्यावरनं भांडी आपटली मी. मला इचारा!"

तो चहाचा घोट घेऊन, सावकाश, ओठांच्या कडेला हसू ठेवून म्हणाला, "मग असतोय कुठं, वहिनी?"

कोपऱ्यातला एकजण खाकरला. चप्पल काढून हाणावी असं वाटलं मला. पण सूर ओळखीचा होता. मी आणि आक्का पाणी भरताना ह्याच सुरात बोलायचो.

"लाईनीत असतोय," मी म्हटलं.

"त्यालाच इचारू की," तो म्हणाला. "पार्टीचं नवं सायेब आल्यात. त्येंचं म्हणणं, ड्रायव्हरनं सोताच्या तोंडानं सांगू दे भाईर थांबलो म्हणून, काय तरी देऊ. मी स्पीकरवर इचारतो."

हा मला खेळवत होता का? नवा साहेब होता तरी का? मला आजही माहीत नाही. पण त्या घडीला मी म्हटलं, विचाराच. आणि वर माझंच शहाणपण, "मी हितं हाय असं सांगू नगासा. न्हायतर म्हणाल, बायकोनं पढवलं." एवढी खात्री होती मला. आता काय, तोंडातनं दोन शब्द निघायचा अवकाश.

फोन लागला. "काय रं, कुठं हाईस?"

"घरनं निघालोय सायेब, पोचतोच." मागं हॉर्न वाजत होते.

"काल रात्री कुठं हुतास? लाईनीत गाडी लावून बसलातास का?"

मी पदर मुठीत धरला.

"न्हाय न्हाय सायेब," नवरा म्हणाला. "लाईनीत कशाला? घरी गेलतो की."

"नक्की?"

"व्हय की. मंडळींनी वांग्याचं भरीत केलतं, भाकरी गरम गरम. पोरगी जागी हुती माझी वाट बघत. तिनं पाय दाबून दिलं. आत उकडालतं म्हणून अंगणात कॉट टाकली, लई गार वारं सुटलतं. मंडळी म्हणाली आज ऱ्हावा, पर मी म्हटलं न्हाय, लोडिंग हाय. चहा घेतला आन् निघालो बघा."

मी ऐकतच राहिले. आमच्या घरात इतके शब्द सलग तो कधी बोलला नव्हता. आणि त्यातला एकूण एक शब्द खोटा आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, कारण त्या घरात काल रात्री मी होते. भरीत नव्हतं, दहीभात होता, तोही सकाळचा. पोरगी दिवेलागणीलाच झोपली होती. कॉटचा पाय मोडून ती उन्हाळ्यापासून भिंतीला टेकवून ठेवलीय. आणि दाराला मी रागानं आतून दोन्ही कड्या घातल्या होत्या.

हा माणूस खोटं बोलतो ते असं, तर! तिखटमीठ लावून, न अडखळता. आणि खरं बोलतो तेव्हा दोन शब्दांच्या वर जात नाही. इतकी वर्षं त्याच्याशी संसार करून मला हे माहीत नव्हतं.

त्या माणसानं फोन ठेवला. "ऐकलंसा?"

"खोटं बोलला त्यो," मी म्हटलं.

"वहिनी, अवो, त्येनं सोता..."

"खोटं बोलला म्हणते न्हवं माझा नवरा! शंभर टक्के खोटं! भरीत केलं न्हाय मी. कॉट मोडलीया आमची. घरी येऊन बघा!"

कोपऱ्यातले दोघं मोठ्यानं हसले. हसू देत. वर्षभर तो खरं बोलत होता तेव्हा मी त्याला लबाड म्हटलं, आणि आज तो माझ्या कानांदेखत धादांत खोटं बोलला तेव्हा मला त्याचं सगळं पटलं. मला रडू आलं. तिथंच, त्या परक्या माणसांच्या पुढं.

"आता मी वर काय कळवू?" टेबलावरचा माणूस म्हणाला. "नवरा म्हणतोय घरी हुतो, बायको म्हणतीया न्हवता. आधी घरात काय ते एक ठरवा." हॉल्टिंगचा विषय तिथं संपला. मी डोळे पुसले आणि त्याला एवढंच म्हटलं, "गाडी उभी ऱ्हायली म्हणून तिचा हप्ता उभा ऱ्हात न्हाय. माणूस रस्त्यावर जागा राखत जागतोय, त्येला तुमी काम धरत न्हाईसा. तुमाला गेटाभाईर एक रात बसवाय पायजे." त्यानं कॉम्प्युटर परत आपल्याकडं वळवला. चहाचे पैसेही त्यानंच दिले.

मी परत लाईनीत आले आणि सरळ केबिनमध्ये चढले. नवरा दचकला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं. सरका तिकडं."

सगळं सांगितलं. गाडी विकायचं सोडून सगळं. तो चिडेल असं वाटलं होतं, तो घाबरला. "अगं, ते पारखायला फोन करत्यात. कोण रस्त्यावर थांबतोय ते काढून घ्यायला. त्येनं कसला नवा सायेब म्हणून सांगितलं आन् तू ऐकलंस व्हय? आता नंबर कापत्यात बघ."

"ते ऱ्हाऊ दे. भरीत कधी केलं मी?"

तो स्टिअरिंगकडं बघत राहिला. "सायबाला पटाय नको का," म्हणाला.

मला आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यात वॉचमन काठी आपटत लाईनीतून येताना दिसला. आत जागा झाली होती आणि एकेका गाडीला तो विचारत होता, कधी आलास. सगळे म्हणत होते, आत्ताच, फोन आल्यावर. आमच्या दारावर काठी वाजली. "तू रं?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोलले नाही, आईशप्पथ. पण माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक.

"काल सकाळपासनं हाय," तो म्हणाला. "लाईनीत."

वॉचमननं आत डोकावून बघितलं. मघाची बाई त्यानं साडीवरनं ओळखली. "बरं. म्हंजे रस्त्यावर उभी केली म्हणायची," असं म्हणून त्यानं काठीनं मागच्या गाडीला खूण केली. "ये रं, तू घे पुढं."

मागची गाडी आमच्या अंगाला घासल्यासारखी पुढं निघून गेली. तिच्या ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं नाही. मी दार उघडून खाली उडी मारणार, त्या काठीवाल्याला दाखवणार, तर नवऱ्यानं मनगट धरलं. "नगं. आणखी वाढंल. शेवटाला लावूया." गाडी वळवून आम्ही भात शिजवणाऱ्याच्या मागं जाऊन थांबलो. तो जरा सरकला आणि त्यानं स्टोव्ह आमच्याकडं केला.

नवरा म्हणाला, "तू जा घरी. पाचची एसटी मिळंल."

मी गेले नाही. त्याला एकट्याला सोडवेना म्हणा, नाहीतर अजून थोडं बघायचं होतं म्हणा. दोन्ही होतं.

दिवस कलला तशी मला म्हशीची आणि पोरीची काळजी लागली. आक्काला फोन लावला. म्हटलं, धार काढ, पोरीला तुझ्याकडं झोपव, मी आज येत नाही.

"दाढ काढली व्हय गं?"

"न्हाय. डॉक्टरकडं गेलेच न्हाय मी." आणि मी सांगत सुटले. भिंत, बोर्ड, न्हावी, वॉचमन, ऑफिस, स्पीकर, काठी. जितकं सांगत गेले तितकं ते माझं मलाच रचलेलं वाटायला लागलं. पलीकडून आक्काचं नुसतं "बरं", "बरं" चाललेलं.

"आन् भाऊ रविवारी यायचा हाय त्येचं काय?"

मी नवऱ्याकडं पाठ केली. "त्येला येऊ नगो म्हण. द्यायची न्हाय."

"असं एकाएकी?" ती थांबली. "हॉर्न कसलं वाजालेत? कुणाबरूबर हाईस गं तू?"

"नवऱ्याबरूबर!"

"मग दे बघू भावजींच्याकडं फोन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण न देऊन सांगते कुणाला? फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तोंडातला घास गिळला. "व्हय वैनी. हितंच हाय ती. माझ्याजवळच बसलीया." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मध्ये एकदा भुवया वर गेल्या. शेवटी काहीतरी पुटपुटला आणि फोन माझ्याकडं दिला. मी कानाला लावेपर्यंत तिनं ठेवला होता.

"काय म्हणाली?"

"काय न्हाय."

"सांगा की!"

"म्हणाली, तुमी लई भोळं हाईसा भावजी. बाई दाढ दुखतीया म्हणून जातीया आन् ट्रकात सापडतीया. जरा तिचा फोन बघत जावा, कुठं जातीया, कुणाला बोलतीया."

"मग तुमी काय म्हटलासा?"

"म्हटलं, मी तिचं कधी तपासत न्हाय," तो म्हणाला, आणि पुढची गाडी हलली म्हणून त्यानं चावी फिरवली.